झोप कशी लागते, हे कुणी विचारलं?



आपल्या पत्रिकेत आरोग्याविषयी लिहिताना मी बहुतेक वेळा कुपोषण, सिकलसेल, बाळंतपण यांवर लिहिते. ह्या वेळी ज्या विषयावर लिहायला बसले आहे तो मी मागचे दोन अंक पुढे ढकलला. त्यात माझीही चूक आहे, हे त्याचं कारण.

अक्कलकुवा तालुक्याच्या डोंगराळ भागातली एक बाई. पस्तिशीची असेल. आमच्याबरोबरचा कार्यकर्ता तिला वहिनी म्हणतो, म्हणून इथे मीही वहिनीच म्हणते. नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो. एरवी तीही जायची, पण त्या वर्षी गेली नाही, कारण आदल्या उन्हाळ्यात तिचं तान्हं मूल गेलं होतं आणि तेव्हापासून तिच्या अंगात काम करण्याचं बळच उरलं नव्हतं. श्रावणात एका दुपारी तिने कपाशीवर फवारायचं औषध घेतलं. जाऊबाईने पाहिलं, १०८ ची गाडी वेळेवर मिळाली, ग्रामीण रुग्णालयात पोट धुतलं. वाचली.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेजवळ बसले होते. उशाला एक प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यात रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जपून ठेवलेले केसपेपर. तिच्या भागातल्या आरोग्य केंद्रात ती सात महिन्यांत चार वेळा जाऊन आली होती. पहिल्या कागदावर अंगदुखी, दुसऱ्यावर अशक्तपणा आणि डोकेदुखी, तिसऱ्यावर पुन्हा अंगदुखी, चौथ्यावर छातीत धडधड. चारही वेळा वेदनाशामक गोळ्या, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स, एकदा इंजेक्शन. एकदा हिमोग्लोबिन पाहिलं होतं, ते कमीच निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. यातलं काहीही चुकीचं नव्हतं. फक्त झोप लागते का, भूक लागते का, मन कुठे रमतं का, यातलं काहीच कुठल्या कागदावर नव्हतं.

आणि मी? त्याच सात महिन्यांत ती आमच्या बायकांच्या प्रार्थनेला तीनदा आली होती. तिन्ही वेळा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून अंगदुखीसाठी प्रार्थना केली. मूल गेल्याचं मला ठाऊक होतं. तरी विचारलं नाही.

तिला तपासणारा डॉक्टर जेमतेम चोवीस-पंचवीस वर्षांचा, बाँडवर आलेला मुलगा. बातमी कळल्यावर तो आपण होऊन ग्रामीण रुग्णालयात आला. बाहेर कडुलिंबाखाली उभा राहून मला म्हणाला, "ताई, ओपीडीत मला एका पेशंटमागे चार मिनिटं मिळतात. पण खरं कारण ते नाही. मी विचारलं असतं आणि ती 'हो, मरावंसं वाटतं' म्हणाली असती, तर पुढे काय करायचं हे मला माहीत नव्हतं."

त्याचं हे वाक्य मी अनेकांना सांगितलं आहे. त्याला दोष द्यायला नव्हे. इतकं खरं कुणी क्वचितच बोलतं म्हणून.

शहरात आपण ज्याला फॅमिली डॉक्टर म्हणतो, तसा माणूस आमच्या पाड्यांवर नाही. तिथे कुटुंबाचा डॉक्टर म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. डोंगराळ आणि आदिवासी भागात एका केंद्राकडे वीस हजार लोकसंख्या असावी असा सरकारी निकष आहे. ह्या खुर्चीवर बऱ्याचदा सरकारी महाविद्यालयातून नुकताच एमबीबीएस झालेला, एक वर्षाची सक्तीची सेवा करणारा मुलगा किंवा मुलगी असते. नाहीतर बीएएमएस झालेले डॉक्टर असतात. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यांतही बीएएमएस पुष्कळ. शिकाऊ इंटर्नही फिरून जातात. म्हणजे आमच्या लोकांचा कुटुंबाचा डॉक्टर हा बहुधा शिकता शिकता काम करणारा असतो.

ह्या मुलांना मनाच्या आजारांचं शिक्षण किती मिळतं? एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत मानसोपचाराची थोडी व्याख्यानं आणि काही आठवड्यांची वॉर्डातली हजेरी. त्याचा वेगळा पेपर नसतो, मेडिसिनच्या पेपरात काही गुणांपुरता हा विषय येतो. विद्यार्थी परीक्षेच्या वजनाने अभ्यास करतो, हे आपण सगळे जाणतो. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला तेव्हा परिस्थिती थोडी सुधारली. इंटर्नशिपमध्ये पूर्वी हा विभाग ऐच्छिक होता, आता दोन आठवडे सक्तीचे झाले.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: ते काय पाहतात. मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात दिसतो तो आजार टोकाला गेलेला माणूस. कानात आवाज ऐकू येणारा, स्वतःशी बोलणारा, नातेवाइकांनी धरून आणलेला. विद्यार्थ्याच्या मनात मानसिक रुग्ण म्हणजे हाच, असं चित्र कायमचं बसतं. मग तोच विद्यार्थी आरोग्य केंद्रात येतो आणि समोर वहिनी बसलेली असते. नीट कपडे घातलेली, शांत, कंबर दुखते म्हणणारी. चित्र जुळत नाही. म्हणून आजार दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २००९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला होता. त्यानुसार नैराश्याच्या साधारण निम्म्याच रुग्णांचा आजार फॅमिली डॉक्टरांच्या लक्षात येतो. जिथे डॉक्टर अनुभवी, रुग्णाची भाषा आणि डॉक्टरची भाषा एक, तिथली ही गोष्ट. आमच्याकडे रुग्ण पावरी किंवा भिलोरी बोलते, डॉक्टर लातूरचा किंवा कोल्हापूरचा, आणि मधे दुभाषी म्हणून सफाई कामगार किंवा एखादी आशाताई. "माझा जीव कशातच लागत नाही" हे वाक्य दोन भाषा ओलांडून डॉक्टरपर्यंत पोचतं तेव्हा त्याचं "कमजोरी आहे" झालेलं असतं.

भारतात २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांत झालेल्या त्या पाहणीत आपलं महाराष्ट्र राज्य नव्हतं. तरी आकडे आपल्यालाही लागू पडावेत असेच आहेत. दर दहा प्रौढांपैकी एकाला त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. एवढ्या लोकांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ देशात नाहीत, लवकर होणारही नाहीत. म्हणजे हे काम त्या चार मिनिटांच्या डॉक्टरलाच करावं लागणार आहे. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हाही विचार हाच होता, की प्राथमिक आरोग्य केंद्रातच हे उपचार मिळावेत.

वहिनीच्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या भागातल्या तरुण डॉक्टरांसाठी आणि इंटर्नसाठी दोन दिवसांचं एक छोटं शिबिर ठेवलं. शहरातून एक मानसोपचारतज्ज्ञ बाई विनामूल्य आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही. मनाच्या आजाराबद्दल तुम्हाला जे खरंच वाटतं ते लिहा, पुस्तकातलं नको.

त्या चिठ्ठ्या मी अजून ठेवल्या आहेत.

एकीवर होतं: "आत्महत्येबद्दल विचारलं तर आपणच डोक्यात घातल्यासारखं होईल." ही समजूत मी पाळकांकडूनही ऐकली आहे. डॉक्टरबाईंनी समजावलं की असं होत नाही. विचारल्याने विचार रुजत नाही. उलट बहुतेक माणसांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. विचारायचं ते सरळ आणि शांतपणे: जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का? काही करायचं ठरवलं आहे का? "हो" आलं तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका माणसाला विश्वासात घ्यायचं, फवारणीचं औषध घरातून हलवायला सांगायचं, त्याच दिवशी पुढे पाठवायचं आणि आठवड्याच्या आत पुन्हा बोलवायचं. कडुलिंबाखाली तो मुलगा जे माहीत नाही म्हणाला होता, ते एवढंच होतं. तो पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होता.

दुसरी चिठ्ठी: "ह्या गोळ्यांची सवय लागते." इथे अर्धं ज्ञान आडवं येतं. झोपेच्या, घबराटीच्या ज्या गोळ्या गावोगावच्या दवाखान्यांतून सर्रास दिल्या जातात, अल्प्राझोलामसारख्या, त्यांची सवय खरोखर लागते. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटू लागल्यावरही काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. एकदम बंद केल्यास त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या. हे कुणी सांगितलं नाही तर रुग्ण आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देतो आणि भगताकडे जातो. गंमत अशी की सवय लागणाऱ्या गोळ्या देताना डॉक्टरचा हात थरथरत नाही, न लागणाऱ्या देताना थरथरतो.

तिसरी: "आदिवासींना डिप्रेशन नसतं. ते नाचतात, गातात, उद्याचा विचार करत नाहीत."

ही वाचली गेली तेव्हा मागे बसलेल्या आमच्या पावरा कार्यकर्त्याने मान खाली घातली. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला शरम वाटली, कारण आपल्या मिशनच्या जुन्या पत्रकांतूनही असंच काहीसं आपण लिहीत आलो आहोत: साधी, भोळी, आनंदी माणसं. मूल गेल्यावर आई कुठलीही असो, तिची झोप उडते. सहा महिने मुलखाबाहेर कोयता चालवणाऱ्या माणसाला उद्याची काळजी नसते, असं ज्याला वाटतं त्याने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब एकदा पाहावा. पुरुषांमध्ये हेच दुःख मोहाच्या दारूत बुडालेलं दिसतं आणि आपण त्याला फक्त व्यसन म्हणतो.

आणखी एकीवर लिहिलं होतं: "विष घेतलेला पेशंट म्हणजे पोलीस केस, लांब राहिलेलं बरं." पोलिसांना कळवण्याची रीत रुग्णालयात आहेच. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिच्यात जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. शिबिरातल्या बऱ्याच जणांना हे नवं होतं. त्याच कायद्याने मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यावरही बंदी आहे. तामिळनाडूतल्या एरवाडी इथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेली माणसं पळू शकली नाहीत आणि पंचवीसहून अधिक जण जळून गेले. आमच्या भागात गोठ्याच्या खांबाला बांधलेला मुलगा मी स्वतः पाहिला आहे. त्याला फेफरं येत होतं, इतकंच.

काही चिठ्ठ्यांवर "नाटक", "फंक्शनल" हे शब्द होते. वॉर्डात हे शब्द शिकावे लागत नाहीत, वरिष्ठांच्या तोंडून ते आपोआप उतरतात. बेशुद्ध पडणाऱ्या मुलीच्या नाकाशी अमोनिया धरून "बघ कशी उठते" म्हणणारे डॉक्टर ह्या मुलांनी पाहिले आहेत. ज्ञान दोन दिवसांत वाढतं. वृत्ती तशी बदलत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी व्याख्यान न देता एका माणसाला बोलवलं. अनेक वर्षं स्किझोफ्रेनियावर उपचार घेणारा, आता स्वतःचं किराणा दुकान चालवणारा गृहस्थ. तो तासभर बोलला, प्रश्नांना उत्तरं दिली, शेवटी सगळ्यांबरोबर पंगतीत जेवला. बरा झालेला, संसार करणारा रुग्ण त्या मुलांनी कधी पाहिलाच नव्हता. वॉर्डात बरे झालेले थांबत नाहीत ना.

एक चिठ्ठी शेवटी वाचली गेली. "मलाच दोन महिने झोप लागत नाही. मी कुणाला सांगू?" कुणी हसलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरबाई बराच वेळ अंगणात एकाशी बोलत उभ्या होत्या. मी तिकडे पाहायचं टाळलं.

हे सगळं करून उपयोग होतो का, असं देणगीदार मला विचारतात, आणि त्यांनी विचारावंच. गोव्यात 'मानस' नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. तिथे स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवून दवाखान्यांत बसवलं. ते रुग्णाची विचारपूस करत, आजार समजावून सांगत, पाठपुरावा ठेवत. औषध लागलं तर डॉक्टर देत, अवघड रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञ येत. सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्य-चिंतेच्या रुग्णांपैकी अशी सोय असलेल्या ठिकाणी साधारण ६६ टक्के बरे झाले, नसलेल्या ठिकाणी ४२ टक्क्यांच्या आसपास. खासगी डॉक्टरांकडे मात्र असा फरक दिसला नाही. माझा स्वतःचा अंदाज असा, की आपल्या रुग्णाला नावाने ओळखणारा चांगला खासगी डॉक्टर थोडीफार विचारपूस मुळातच करतो. विदर्भातही 'विश्राम' कार्यक्रमाने ३० गावांत असंच काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी कुठलीतरी मदत घेणारे सुरुवातीला शंभरात चार-पाच होते, दीड वर्षाने सत्तावीस झाले.

आता आपल्या घरातलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतलं बरंचसं मी आपल्या मंडळ्यांमध्येही ऐकते, फक्त शब्द वेगळे असतात. विश्वास कमी पडला. बाहेरचं आहे. प्रार्थनेत बसली की गोळ्या बंद कर. एका भावाने अशा सांगण्यावरून गोळ्या सोडल्या, पुढचं मी इथे लिहीत नाही. ईश्वरविज्ञान शिकताना मी एलियाचा अध्याय परीक्षेसाठी पाठ केला होता. रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो, आणि देव त्याला रागावत नाही. आधी झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. बोलणं नंतर. हा क्रम पाहायला मला वीस वर्षं लागली.

पाड्यांवर काम करणाऱ्या बहिणींना आम्ही आता एक साधी गोष्ट शिकवतो. कुणी पुन्हा पुन्हा अंगदुखीसाठी दवाखान्यात जात असेल, तर सोबत जा आणि डॉक्टरला दोन वाक्यं स्वतः सांगा: दोन आठवड्यांपासून झोप-भूक नाही, आणि कशातच मन लागत नाही. नैराश्य ओळखण्यासाठी डॉक्टर जी नऊ प्रश्नांची यादी वापरतात तिचे पहिले तीन-पाच प्रश्न ह्याच गोष्टींभोवती आहेत. रक्त, थायरॉईड, सिकलसेल यांची तपासणी करून घ्यायचीच, कारण शरीराचं दुखणं खरंही असतं आणि मनाच्या रुग्णाचं खरं दुखणंही "मनाचंच" म्हणून सोडून दिलं जातं. आणि १४४१६ हा टेलि-मानसचा फोन क्रमांक सगळ्यांच्या मोबाईलमध्ये भरून दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. डोंगरात रेंज नसते, ही अडचण आहेच. त्यासाठी आम्ही टेकडीवरच्या त्या एका ठिकाणी जातो जिथे दोन कांड्या येतात.

वहिनीला गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात ती रागावली होती, काही फरक नाही म्हणून. सहाव्या आठवड्यात मी गेले तर अंगण सारवलेलं होतं. त्या मुलाबद्दल ती पहिल्यांदा बोलली, त्याचं नाव घेऊन. ते नाव तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

तरुण डॉक्टरचा बाँड मार्चमध्ये संपला. पुढच्या शिक्षणासाठी तो गेला, आणि खुर्चीवर आता नवी मुलगी आली आहे, तशीच ताजी, तशीच घाबरलेली. जाताना त्याने टेबलाच्या काचेखाली एक कागद सरकवून ठेवला. त्यावर आशाताईंकडून विचारून घेतलेले चार प्रश्न पावरी बोलीत, देवनागरीत लिहिलेले आहेत. पहिला झोपेचा आहे. मागच्या गुरुवारी मी वहिनीबरोबर गोळ्या आणायला गेले, तेव्हा त्या मुलीने खाली पाहून तो वाचला. उच्चार इतका चुकला की वहिनी पदर तोंडाला लावून हसली, आणि मग तिने उत्तर दिलं.